एक्स-प्लेन १२ सुरू होतानाच हँग होतो, लोडिंगची पट्टी अर्ध्यात अडकते

तिरपागडा
एक्स-प्लेन १२ (विमान उडवायचा सिम्युलेटर), विंडोज ११. आधी व्यवस्थित चालत होता. मधे बरेच दिवस उघडला नव्हता, आता उघडायला गेलं की सुरुवातीचं चित्र येतं, लोडिंगची पट्टी सरकायला लागते आणि मधेच थांबते. थोड्या वेळाने खिडकी पांढुरकी होते आणि वर 'नॉट रिस्पॉन्डिंग' येतं. क्रॅश होत नाही, एररची चौकट येत नाही. टास्क मॅनेजरमधून मारावा लागतो.
मशीन: ८ कोअरचा प्रोसेसर, ३२ जीबी रॅम, एनव्हिडियाचं ८ जीबीचं कार्ड, १ टीबीची एनव्हीएमई (वेगवान एसएसडी डिस्क). ॲडऑन म्हणजे चार-पाच विमानं, बरीच विमानतळांची सीनरी आणि काही प्लगइन.
ग्राफिक्स ड्रायव्हर नवीन टाकून झाला, फरक नाही. पुढे काय बघू?

भुंगा
अनइन्स्टॉल करा, परत टाका. बाकी सगळा काथ्याकूट आहे.

खटपट्या
भुंगा, थांबा जरा. परत टाकल्याने एकच प्रकारचा दोष जातो, तो म्हणजे मूळ फायली खराब असणं. त्यासाठी सगळं पुसायची गरज नाही. एक्स-प्लेनचा इन्स्टॉलर उघडून 'अपडेट' निवडलं की तो एकेक फाईल तपासतो आणि बिघडलेल्या किंवा गायब असलेल्या तेवढ्याच आणतो. त्या यादीत तुम्ही स्वतः बदललेल्या फायलीही दिसतात, त्या हव्या असतील तर टिकमार्क काढून टाकायचा. सेटिंग, ड्रायव्हर, प्लगइन, डिस्क यांतला दोष असेल तर नवीन इन्स्टॉलेशनही तिथेच जाऊन अडकेल.

तिरपागडा, 'नॉट रिस्पॉन्डिंग'ला घाबरू नका. खिडकीने सुमारे ५ सेकंद विंडोजच्या निरोपांना उत्तर दिलं नाही की विंडोज ती पाटी लावून मोकळं होतं. मोठी सीनरी वाचणारा धडधाकट सिम्युलेटरही तेवढा वेळ गप्प बसतो. त्यामुळे आधी हे ठरवायचं की तो अडकलाय की काम करतोय.

टास्क मॅनेजर उघडून ठेवा आणि सिम सुरू करा. पट्टी थांबली की चार आकडे बघा:

एका कोअरवर सतत जोर आणि बाकी शांत, तर तो काहीतरी गणित करतोय किंवा चक्रात फिरतोय. ८ कोअरच्या मशीनवर, हायपरथ्रेडिंग (एका कोअरवर दोन धागे) धरून, असा एक धागा एकूण आकड्यात जेमतेम ६ टक्के दिसतो, म्हणून एकूण आकड्यावर जाऊ नका, कोअरवार आलेख लावा.
डिस्क १०० टक्के, तर वाचतोय, वाट बघा. १०० टक्के पण वेग सेकंदाला एखाद-दुसरा एमबीच, तर डिस्क आजारी असण्याची शंका घ्या.
मेमरी काठोकाठ भरली, तर पेजफाईल (रॅम कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) बंद केली आहे का ते बघा. ती 'सिस्टिम मॅनेज्ड' हवी.
सगळंच शून्याजवळ, तर तो कुणाची तरी वाट बघत बसलाय. हाच प्रकार सगळ्यात चिवट.

आणि लॉग द्या. एक्स-प्लेनच्या मुख्य फोल्डरमध्येच 'लॉग' नावाची टेक्स्ट फाईल असते. दर वेळी सिम सुरू केला की ती पुसून नवीन लिहिली जाते, म्हणून अडकल्यावर मारा आणि पुन्हा सुरू करण्याआधी तिची प्रत दुसरीकडे ठेवा. शेवटच्या वीस ओळी पुरेत.

अवकाळी
ग्राफिक्सच्या बाजूने माझे दोन पैसे. एक्स-प्लेन १२ विंडोजवर व्हल्कन (ग्राफिक्स कार्डशी बोलायची पद्धत) वापरतो, त्यामुळे ड्रायव्हर बदलला की शेडर (चित्र रंगवणारे छोटे प्रोग्रॅम) पुन्हा तयार करावे लागतात आणि पहिलं लोडिंग नेहमीपेक्षा बरंच लांबतं. ड्रायव्हर टाकल्यावर पहिल्याच वेळी दोन मिनिटांत मारून टाकला तर ते काम अर्धवट राहतं. एकदा धीर धरून सोडून द्या.

तरी नाही झालं तर 'आउटपुट' फोल्डरमधला शेडर कॅशचा फोल्डर उडवा. तो सिम स्वतः परत बनवतो, काही गमवायचं नाही.

त्यानंतर ओव्हरले. एफपीएस दाखवणारी, रेकॉर्डिंग करणारी, गप्पांची ॲप व्हल्कनमध्ये स्वतःचा 'लेयर' घुसवतात आणि विंडो बनायच्या वेळी तिथेच गाठ बसते. ॲप बंद केलं तरी लेयर नोंदलेला राहतो, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. रजिस्ट्री एडिटरमध्ये एचकेएलएम, सॉफ्टवेअर, क्रोनोस, व्हल्कन, इम्प्लिसिट लेयर्स इथे जा. तिथे प्रत्येक लेयरची ओळ आणि समोर किंमत असते. ० म्हणजे चालू, १ केलं की बंद. आधी ती की एक्स्पोर्ट करून ठेवा. काढून टाकलेल्या एखाद्या प्रोग्रॅमची ओळ तिथे अजून लोंबकळताना दिसली तर ती पहिली बंद करा.

लॅपटॉप असेल तर विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमधल्या 'ग्राफिक्स'मध्ये जाऊन एक्स-प्लेनला 'हाय परफॉर्मन्स' लावा, नाहीतर तो प्रोसेसरमधल्या छोट्या जीपीयूवर (ग्राफिक्स चिपवर) सुरू व्हायला बघतो.

इव्हेंट व्ह्यूअरही उघडा. 'सिस्टिम'मध्ये ४१०१ दिसला तर डिस्प्ले ड्रायव्हरने उत्तर देणं थांबवलं आणि विंडोजने तो रीसेट केला. 'ॲप्लिकेशन'मध्ये १००२ म्हणजे हँग, १००० म्हणजे क्रॅश. १००२ मधून कारण कळत नाही, पण ४१०१ नसेल तर निदान जीपीयूवरचा संशय कमी होतो.

शून्यगुरुत्व
लॉग येईपर्यंत एक सांगून ठेवतो. लॉगमध्ये प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला सिम सुरू झाल्यापासूनची वेळ असते आणि पुढे एक अक्षर. आय म्हणजे माहिती, डब्ल्यू म्हणजे इशारा, ई म्हणजे चूक. लोक 'ई' दिसली की तिच्यावर तुटून पडतात. सीनरीत एखादी वस्तू सापडली नाही तरी 'ई' येते आणि अशा शंभर ओळी असूनही सिम व्यवस्थित उडतो. तुम्ही वेळ बघा. दोन ओळींच्या मधे चाळीस सेकंदांचा खड्डा पडलाय, तर खड्ड्याच्या आधीची ओळ महत्त्वाची. क्रॅश असता तर प्लगइनचं नाव घेऊन 'या प्लगइनमुळे क्रॅश झाला' अशी ओळच शेवटी येते. हँगमध्ये ती सोय नाही.

तिरपागडा
बघितलं. ओव्हरलेचा एक लेयर होता, बंद केला. शेडर कॅश उडवला. फरक नाही.
पट्टी थांबल्यावर: प्रोसेसर १-२ टक्के, कोअरवार बघितलं तरी एकही तापलेला नाही. डिस्क ० ते १ टक्का. रॅम ९ जीबी वापरात. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये फक्त १००२, ४१०१ एकदाही नाही.
लॉगची शेवटची ओळ एका विमानतळाच्या सीनरीची आहे. म्हणून ती सीनरी काढली, तर आता दुसऱ्याच सीनरीच्या नावावर थांबतो.

शून्यगुरुत्व
शेवटच्या ओळीत जिचं नाव, तीच दोषी असं नसतं. काही वेळा ती पूर्ण वाचून झालेली असते आणि पुढचं काम सुरू होऊन त्याची ओळ लिहायची बाकी असते.

एकेक काढत बसू नका, अर्धे-अर्धे करा. क्रम असा ठेवा:

१. 'आउटपुट' मधल्या 'प्रेफरन्सेस' फोल्डरचं नाव बदला. सिम कोऱ्या सेटिंगने सुरू होईल. चालला तर दोष सेटिंगचा, नाही चालला तर बाकी पायऱ्या होईपर्यंत तसंच ठेवा, मग जुनं नाव परत द्या. जॉयस्टिकची बटणं, कॅलिब्रेशन सगळं त्याच फोल्डरमध्ये असतं, म्हणून पुसू नका, नुसतं नाव बदला.

२. 'रिसोर्सेस' मधल्या 'प्लगइन्स' फोल्डरमधून तुम्ही टाकलेले सगळे प्लगइन बाहेर काढा. प्लगइनॲडमिनचा फोल्डर आणि एक्सपीएलएम, एक्सपीविजेट्स या डीएलएल फायलींना मात्र हात लावायचा नाही, त्या सिमच्या स्वतःच्या आहेत. विमानांच्या फोल्डरमध्येही प्लगइन असतात हे लक्षात ठेवा. शेवटचं उडवलेलं विमान ॲडऑनचं असेल तर त्याचे प्लगइनही सुरुवातीलाच जागे होतात. प्रेफरन्सेसचं नाव बदललं की सिम मूळ विमान धरतो, म्हणून पायरी १ आधी.

३. 'कस्टम सीनरी' मध्ये 'सीनरी पॅक्स' नावाची आयएनआय फाईल आहे. नोटपॅडमध्ये उघडा. प्रत्येक ओळ 'सीनरी अंडरस्कोर पॅक' ने सुरू होते. तिला पुढे 'अंडरस्कोर डिसेबल्ड' जोडलं की ते पॅकेज सिम वाचत नाही, फोल्डर हलवावा लागत नाही. फाइंड-रिप्लेसने सगळी बंद करा. चालला तर वरची अर्धी चालू करा. अडकला तर दोष त्या अर्ध्यात, त्याचे परत दोन भाग. साठ पॅकेजं असली तरी सहा वेळा सुरू करून नेमकं एक सापडतं.

ही आयएनआय फाईल वैतागून डिलीट करू नका. सिम नवी बनवतो खरा, पण तुम्ही लावलेला क्रम जातो. वरची ओळ खालच्या ओळीवर चढते, त्यामुळे जमिनीचे मेश (जमिनीच्या उंचसखलपणाचे सांगाडे) वर आणि विमानतळ खाली गेले की धावपट्टीवर झाडं उगवतात. मग तो वेगळा धागा काढावा लागेल.

मधली सुट्टी
थोडं अवांतर, पण फ्लाइटगिअर या दुसऱ्या सिम्युलेटरवाले हा धागा वाचत असतील तर. तिथे नवीन आवृत्ती टाकल्यावर पहिल्यांदा सुरू करताना 'नेव्हिगेशन डेटा' तयार करतो आणि संथ डिस्कवर काही मिनिटं घेतो. त्यालाच लोक हँग समजतात आणि मारतात. मग अर्धवट कॅश पडून राहतो आणि पुढच्या वेळी खरंच गोंधळ होतो. 'नॅवडेटा'ने सुरू होणारी कॅश फाईल उडवून एकदा शांतपणे बसू द्या. सेटिंग बिघडलं असेल तर सुरू करताना ऑल्ट दाबून धरा, मूळ स्थितीला जायचा पर्याय येतो. आणि 'लोडिंग सीनरी' वर अडकला तर टेरासिंक (सीनरी इंटरनेटवरून आणणारी सोय) बंद करून बघा. चालला तर गाडी सर्व्हरकडून येणाऱ्या फायलींपाशी अडलीय.

भुंगा
बरं, परत टाकू नका. पण यूएसबीचं काय? जॉयस्टिक, थ्रॉटल, पेडल, सगळं उपटून फक्त माउस आणि कीबोर्डवर सुरू करा. सुरुवातीला सिम प्रत्येक उपकरणाला 'तू कोण' विचारतो. पॉवर नसलेल्या हबवर तीन-चार उपकरणं लोंबत असतील आणि एकाने उत्तर दिलं नाही की सगळी वरात थांबते. आभासी जॉयस्टिकचे ड्रायव्हर टाकले असतील तर तेही बघा, ते उपटता येत नाहीत, डिव्हाइस मॅनेजरमधून बंद करावे लागतात.

अवकाळी
हा मुद्दा पटला. प्रोसेसर शून्य, डिस्क शून्य या लक्षणात यूएसबी बसतं. टास्क मॅनेजरच्या 'डिटेल्स'मध्ये एक्स-प्लेनवर राइट क्लिक करून 'ॲनलाइझ वेट चेन' सुद्धा बघा. दुसऱ्या प्रोग्रॅममुळे अडला असेल तर काही वेळा त्याचं नाव तिथे सरळ दिसतं. नाही दिसलं म्हणून तसं नाहीच असं मात्र नाही.

तिरपागडा
सगळं करून बघितलं.
प्रेफरन्सेसचं नाव बदललं: अडकतो.
प्लगइन सगळे बाहेर: अडकतो.
यूएसबी सगळं उपटलं: अडकतो.
सीनरी सगळी डिसेबल्ड: अडकतो, आता तर सिमच्या स्वतःच्या फायलींवर.
वेट चेनमध्ये काही नाही.
एक विचित्र गोष्ट दिसली. दर वेळी लॉग थोडा लांब होतोय. मागच्या वेळी जिथे थांबला होता ती ओळ आता झटकन पार होते आणि त्याच्या पुढे कुठेतरी अडकतो. सेटिंग काहीही न बदलता नुसतं परत सुरू केलं तरी तसंच.

खटपट्या
विचित्र नाही, हाच धागा पकडायचा.

प्लगइन, ड्रायव्हर, खराब फाईल, यूएसबी यांतलं काहीही असतं तर तो दर वेळी त्याच जागी अडकला असता, किंवा कुठेही मागेपुढे. दर वेळी पुढेच सरकतो याचा अर्थ मागच्या वेळी ज्या फायलींनी वेळ खाल्ला त्या आता पटकन मिळतायत. म्हणजे फाईल पहिल्यांदा उघडताना काहीतरी महागडं घडतंय आणि ते एकदाच घडतंय. असं करणारे तीनच मला माहीत आहेत:

अँटिव्हायरस, जो नवीन फाईल पहिल्यांदा तपासतो आणि मग लक्षात ठेवतो. पण तेव्हा अँटिव्हायरसच्या प्रोसेसचा प्रोसेसर-वापर चढलेला दिसायला हवा. तुमच्याकडे सगळंच शांत.
मरायला टेकलेली डिस्क, जी पुन्हापुन्हा वाचून कशीबशी माहिती देते.
आणि क्लाउड सिंक. फाईल डिस्कवर दिसते पण तिथे नसते, उघडायला गेलं की इंटरनेटवरून खाली येते.

दोन प्रश्न. एक्स-प्लेनचा फोल्डर नेमका कुठे आहे? आणि पट्टी थांबलेली असताना टास्क मॅनेजरमध्ये नेटवर्कचा आलेख काय म्हणतो? तो आकडा पहिल्यांदा विचारलाच नव्हता.

तपासायची सोपी रीत: मोठी फाईल निवडा, निदान एक-दोन एमबीची. राइट क्लिक, प्रॉपर्टीज. 'साईझ' आणि 'साईझ ऑन डिस्क' या दोन ओळी बघा. पहिलीत काही एमबी आणि दुसरीत ० बाइट असेल तर ती फाईल तुमच्या मशीनवर नाही, नुसती पाटी आहे. चिमुकल्या फायलींवर ही परीक्षा घेऊ नका. काहीशे बाइटच्या फायली एनटीएफएस (विंडोजची डिस्कवर फायली मांडायची पद्धत) आपल्या मुख्य तक्त्यातच ठेवतो आणि तिथे शून्य दिसणं रास्त आहे.

खात्रीच हवी असेल तर मायक्रोसॉफ्टचं 'प्रोसेस मॉनिटर' घ्या, इन्स्टॉल करावं लागत नाही. फिल्टरमध्ये प्रोसेसचं नाव एक्स-प्लेन लावा आणि फिल्टर मेन्यूमधलं 'ड्रॉप फिल्टर्ड इव्हेंट्स' चालू करा, नाहीतर पाच मिनिटांत तेच रॅम खाऊन बसेल. कॉलमच्या यादीतून 'ड्युरेशन' जोडा. निरोगी एनव्हीएमईवर एका वाचनाला सेकंदाचा हजारावा भागही लागत नाही. एकेका ओळीपुढे १, २, ५ सेकंद दिसले की ती फाईल आणि तिचा पत्ता समोर आला. 'टूल्स' मधल्या 'फाईल समरी'त फाईलवार एकूण वेळ मिळतो, तिथे वेळेनुसार लावा.

अवकाळी
डिस्कची शंका लगेच मिटवता येईल. इव्हेंट व्ह्यूअरच्या 'सिस्टिम'मध्ये स्रोत 'डिस्क' आणि क्रमांक ७ म्हणजे खराब ब्लॉक, १५३ म्हणजे वाचन परत करून बघावं लागलं. १२९ म्हणजे डिस्कने उत्तर दिलं नाही म्हणून रीसेट. सिम अडकल्याच्या वेळेशी जुळणारे हे क्रमांक सापडले तर सिम राहू दे, आधी बॅकअप घ्या. नसतील तर डिस्कला सोडून द्या.

तिरपागडा
७, १५३, १२९ यांतला एकही नाही.
फोल्डर डेस्कटॉपवर आहे, इन्स्टॉलरने सुचवलं तिथेच टाकला होता.
नेटवर्क: पट्टी थांबलेली असताना बारीक पण सतत काहीतरी खाली येतंय.
'ग्लोबल सीनरी'तली एक फाईल बघितली. साईझ २१ एमबी, साईझ ऑन डिस्क ० बाइट. एक्सप्लोररमध्ये तिच्यापुढे निळ्या ढगाचं चिन्हही आहे, आणि त्या फोल्डरमध्ये जवळजवळ सगळ्यांपुढे.
प्रोसेस मॉनिटरमध्ये ड्युरेशन ३ सेकंद, ७ सेकंद अशा ओळी. सी ड्राइव्हवर फक्त १४ जीबी शिल्लक दिसतेय.

खटपट्या
सापडला. घडलं ते असं. विंडोजमध्ये डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स यांचा 'बॅकअप' चालू केला की हे फोल्डर सिंकच्या, म्हणजे वनड्राइव्हच्या, फोल्डरमध्ये जाऊन बसतात. डेस्कटॉप दिसतो तसाच, पत्ता मात्र बदलतो. प्रॉपर्टीजमध्ये 'लोकेशन' वाचा, मधे सिंकच्या फोल्डरचं नाव दिसेल. पुढे सी ड्राइव्ह भरत आला, 'स्टोरेज सेन्स' चालू होतं, आणि बरेच दिवस न उघडलेल्या फायली त्याने 'फक्त ऑनलाइन' करून जागा मोकळी केली. वापरात नसलेला सिम्युलेटर यात पहिला सापडतो, कारण सगळ्यात जाडजूड फोल्डर तोच.

आता सिम सुरू होताना हजारो फायली उघडतो. वर्ड एक फाईल मागतो तेव्हा खाली येताना पट्टी दिसते आणि कळतं तरी. सिमला वाटतं की आपण डिस्कवरून वाचतोय, तो फाईल मागतो आणि ती येईपर्यंत थांबून राहतो. तो थांबला की खिडकी थांबते, आणि पुढचं तुम्ही बघताच आहात. सेफ मोडमध्ये सुरू केलात तरी हेच होणार, कारण सेफ मोड प्लगइन, सीनरी, सेटिंग टाळतो, मूळ फायली टाळू शकत नाही.

शून्यगुरुत्व
आता दुरुस्तीत घाई नको. फोल्डर सरळ कट करून दुसरीकडे टाकलात तर प्रत्येक फाईल आधी खाली येणार, ड्राइव्हवर १४ जीबी जागा, मधेच ड्राइव्ह भरणार आणि अर्धं इथे अर्धं तिथे. शिवाय सिंकच्या फोल्डरमधून बाहेर काढलेली फाईल क्लाउडमधूनही जाते. म्हणून:

आधी जागा. दुसरा ड्राइव्ह असेल तर तिथेच नवा फोल्डर करा, थेट ड्राइव्हच्या मुळाशी, जसं 'डी, एक्स-प्लेन १२'. 'प्रोग्रॅम फाइल्स'मध्ये नको, सिमला स्वतःच्या फोल्डरमध्ये सतत लिहावं लागतं आणि तिथे विंडोज आडवं येतं.

मूळ सिम क्लाउडमधून खाली आणत बसू नका. इन्स्टॉलरने नव्या जागी ताजा टाका. त्याच फायली, पण एकगठ्ठा येतात, एकेक मागून नाही. भुंगा यांना शेवटी समाधान!

जुन्या फोल्डरमधून फक्त तुमचं स्वतःचं घ्या: कस्टम सीनरी, ॲडऑन विमानं, तुमचे प्लगइन, प्रेफरन्सेस. या चार फोल्डरांवर राइट क्लिक करून 'ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस' लावा आणि ढगाच्या जागी भरीव हिरवी टिक येईपर्यंत थांबा. मग कॉपी करा, कट नाही. एक्सप्लोरर मोठ्या फोल्डरवर अडखळत असेल तर कमांड प्रॉम्प्टमध्ये त्या फोल्डरात जाऊन 'ॲट्रिब' ही आज्ञा अधिक पी, वजा यू, स्लॅश एस, स्लॅश डी यांसह चालवली तरी तेच काम होतं.

सीनरी पॅक्सची आयएनआय फाईलही न्या. आतल्या पॅकेजांचे पत्ते सिमच्या फोल्डरपासून मोजलेले असतात, त्यामुळे ते नव्या जागीही चालतात. शॉर्टकटने जोडलेली सीनरी मात्र पूर्ण पत्त्याने नोंदलेली असते, त्या ओळी आणि शॉर्टकट तपासा. आणि आधी लावलेलं 'डिसेबल्ड' काढायला विसरू नका.

नव्या जागेवरून सिम दोनदा नीट सुरू झाला की मगच जुना फोल्डर उडवा.

भुंगा
समाधान मान्य. पण एवढं हलवाहलव कशाला? अख्ख्या फोल्डरला 'ऑलवेज कीप' लावलं की संपलं.

खटपट्या
जागा असती तर आजपुरतं संपलं असतं. पण सिम दर वेळी लॉग, प्रेफरन्सेस, शेडर कॅश लिहितो आणि सिंक प्रत्येक बदल वर पाठवायला धावतं. सिम लिहीत असलेली फाईल सिंकने धरून ठेवली की कधी सेटिंग सेव्ह होत नाही, कधी बाहेर पडताना अडकतो. दोन मशीनवर तेच खातं असेल तर एकाच फाईलच्या दोन प्रती बनतात, त्यांतल्या एकीला मशीनचं नाव चिकटलेलं असतं. सिम्युलेटर सिंकच्या फोल्डरमध्ये नकोच.

तिरपागडा
डी ड्राइव्हवर ताजा टाकला, नुसता मूळ सिम, ॲडऑन काही नाही. मुख्य मेन्यू एका मिनिटाच्या आत आला. नंतर कस्टम सीनरी, विमानं आणि प्रेफरन्सेस आणले. तरीही चालतोय, जॉयस्टिकची बटणंही जुनीच आली. लॉगमध्ये आता दोन ओळींच्या मधला सगळ्यात मोठा खड्डा ६ सेकंदांचा आहे.
एकच राहिलंय. विमानं टाकणारं एक छोटं ॲप अजून डेस्कटॉपवरचा जुना पत्ता दाखवतं.

शून्यगुरुत्व
इन्स्टॉलर कुठे-कुठे सिम टाकला त्याची यादी एका टेक्स्ट फाईलमध्ये ठेवतो. वापरकर्त्याच्या ॲपडेटा, लोकल फोल्डरमध्ये 'एक्स-प्लेन अंडरस्कोर इन्स्टॉल अंडरस्कोर १२' नावाची. बरीच ॲडऑन ॲप तीच वाचतात. नोटपॅडमध्ये उघडा, डेस्कटॉपच्या पत्त्याची ओळ काढा, डी ड्राइव्हची राहू द्या. मग ते ॲप पुन्हा सुरू करा.

मधली सुट्टी
मायक्रोसॉफ्टच्या सिम्युलेटरलाही हेच लागू पडतं का? तिथेही सुरुवातीलाच अडकल्याच्या तक्रारी बघतो.

खटपट्या
पद्धत तीच, जागा वेगळ्या. २०२० च्या आवृत्तीत आधी 'कम्युनिटी' फोल्डरचं नाव बदलून रिकामा नवा बनवा. चालला तर ॲडऑन दोषी, मग वर सांगितल्यासारखे अर्धे-अर्धे. तो फोल्डर कुठे आहे ते 'यूझरसीएफजी' नावाच्या ओपीटी फाईलच्या शेवटच्या ओळीत मिळतं, 'इन्स्टॉल्ड पॅकेजेस पाथ' पुढे. त्यानंतर रोलिंग कॅशची फाईल उडवा, ती परत बनते. आणि 'ईएक्सई' नावाची एक्सएमएल फाईल असते, तिच्यात सिमबरोबर सुरू होणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमांची यादी असते. काढून टाकलेल्या प्रोग्रॅमची नोंद किंवा अर्धवट तुटलेला टॅग तिथे राहिला की सुरुवात बिनसू शकते. फाईलचं नाव बदलून एकदा सिम सुरू करा. ती नसली तरी सिमचं काही अडत नाही, फक्त ते जोडप्रोग्रॅम आपोआप सुरू होत नाहीत.

तिरपागडा
ती ओळ काढली, ॲप आता डी ड्राइव्हचा पत्ता दाखवतंय. डेस्कटॉपचा बॅकअप बंद केला आणि मगच जुना फोल्डर उडवला. शीर्षकात 'सुटलं' जोडतोय. सगळ्यांना धन्स.

अवकाळी
बंद केलेला तो ओव्हरलेचा लेयर परत चालू करायचा असेल तर रजिस्ट्रीत १ चं ० करा. त्याचा यात काही दोष नव्हता.